फेट्याखालचं टेंगूळ

सीटी स्कॅनच्या टेबलावर पेशंटला झोपवलं की मशीनला हात लावण्याआधी मी एक प्रश्न विचारायचो. "डोक्याला मार कधी लागला होता?" मार लागला होता का, असं विचारलं की माणूस "नाही" म्हणून मोकळा होतो. कधी लागला होता, असं विचारलं की तो गडबडतो, बायकोकडे नाहीतर मुलाकडे बघतो. त्या बघण्यावरूनच मला कळायचं की पाणी मुरतंय. या प्रश्नाचा मला भारी अभिमान होता. नव्या पोरापोरींना मी तो असा शिकवायचो, जसा काही मला कोणा गुरूने कानात मंत्र दिलाय.

गंगापूर रोडवरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी टेक्निशियन म्हणून आयुष्य काढलं. रिपोर्ट लिहितात ते डॉक्टर. मी म्हणजे पेशंटला कानातले डूल, केसातल्या पिना आणि तोंडातली कवळी काढायला लावणारा, डोकं पट्ट्याने बांधून "आता अजिबात हलू नका" म्हणणारा, आणि मग काचेपलीकडे जाऊन बसणारा माणूस. लोक त्या मशीनला बोगदा म्हणतात, पण ते आहे एक मोठं कडं. त्यातून डोकं पुढे सरकतं आणि काकडीच्या चकत्या पडाव्यात तशी डोक्याची चित्रं पडद्यावर येतात. कवटी पांढरी, मेंदू करडा, मेंदूभोवतीचं पाणी काळं.

रक्ताचं मात्र तसं नाही. ते जुनं होईल तसा रंग बदलतं. ताजं रक्त चित्रात पांढरं दिसतं, ते शिकाऊ मुलगीही ओळखते. पण कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या फटीत थोडं थोडं झिरपलेलं रक्त दोन-तीन आठवडे तिथेच साचून राहिलं, की फिकं पडत पडत अगदी मेंदूच्या रंगाचं होतं. करड्यावर करडं. आणखी काही दिवस गेले की ते काळपट होतं आणि पुन्हा सहज दिसायला लागतं. मधले दिवस फसवे. त्या दिवसांत "या माणसाच्या डोक्याला मागे मार लागलाय" एवढं कळलं तरी डॉक्टर त्या चित्राकडे वेगळ्या नजरेने बघतात. ते कळलं नाही, तर 'डोकेदुखी' एवढ्या एका शब्दावर त्यांना भागवावं लागतं.

हा त्रास म्हाताऱ्यांना जास्त. वय झालं की मेंदू आक्रसतो, जुन्या अक्रोडातला गर कवचात खुळखुळावा तसा. मग मेंदूपासून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात आणि एवढ्याशा धक्क्याने तुटतात. त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर बोलायलाच नको. आणि म्हातारी माणसंच मार लागल्याचं सगळ्यात जास्त लपवतात. का लपवतात, याचं उत्तर मला नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच मिळालं होतं. लाज वाटते म्हणून.

मालेगावहून एक पॉवरलूम कारागीर आला होता. उजवा हात जड झालेला. बरोबर थोरला भाऊ. मी माझा प्रश्न टाकला. "कुछ नहीं हुआ साहब, वैसेच दुखता है," म्हणाला आणि भावाकडे बघितलं. मी भावाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं. मग हा हळूच म्हणाला, "शटल उड़ के लगी थी." मागावरचा धोटा सुटून कानाच्या वर बसला होता. मग सांगितलं का नाही? तर तो माग यानेच दुरुस्त केला होता, आणि मिस्त्री बोलवायची गरज नाही म्हणून भावाशी पैज मारल्यासारखा भांडला होता. चित्रात डाव्या बाजूला रक्त होतं. ऑपरेशन झालं, हात सुधारला. भावाला धोट्याचं शेवटपर्यंत कळलं नाही, माझ्यापुरतं तरी मी ते पाळलं.

दुसऱ्या होत्या येवल्याकडच्या एक आजी. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. सुनेने आणलं होतं. "काय नाय झालं, उगं डोकं दुखतंय," एवढंच सांगत होत्या. सुनेला बाहेर काढलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "झोक्यावरून पडले."

"झोक्यावरून?"

"पंचमीचा झोका बांधला व्हता पोरींनी. कोनी नव्हतं तवा बसले. लय वर्सांनी बसले ना, हात सुटला."

"मग घरात का नाही सांगितलं?"

"या वयात म्हातारी झोका खेळती म्हनून गाव हसंल, साहेब."

मी दार उघडून सुनेला आत घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आजी, लाज मोठी की जीव मोठा?" सून हसली, वॉर्डबॉय हसला, मी तर हसलोच. आजींनी डोळे मिटून घेतले. पुढे कितीतरी वर्षं मी चहाच्या वेळी हा किस्सा त्यांचा आवाज काढून सांगायचो. नव्या मुलांना तर हमखास. त्या आजी आता मला जवळजवळ रोज आठवतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल. रक्त एकाच बाजूला साचलं तर ते मेंदूला पलीकडे ढकलतं. चित्रातली मधली रेषा वाकडी होते आणि भानगड लगेच कळते. पण दोन्ही बाजूंना सारखंच साचलं, तर रेषा जागेवरच राहते. वरून मेंदूच्या घड्या दाबल्या जाऊन सपाट होतात, म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूतल्या रुंद भेगा दिसेनाशा होतात. चित्र बघणाऱ्याला वाटतं, वा, या वयात काय तरतरीत मेंदू आहे! आमचे डॉक्टर म्हणायचे, म्हाताऱ्याचा मेंदू फार छान दिसला की आपण घाबरायचं.

आता माझं.

निवृत्तीनंतर माझ्या हृदयात स्टेंट बसला आणि रक्त पातळ करायची गोळी मागे लागली. गोळ्यांचं खातं माझी बायको सुनंदा हिच्याकडे. सकाळच्या चहाआधी बशीत गोळ्या मांडून ती माझ्यासमोर उभी राहायची, आणि मी गिळल्यावरच चहा मिळायचा. घरातलं लक्षात ठेवायचं काम सगळं तिचंच. गॅस कधी लावला, कोणाच्या मुलीचं लग्न कोणत्या महिन्यात झालं, मी चष्मा कुठे ठेवला, हे तिला विचारायचं. तिचं कधी चुकलेलं मला आठवत नाही.

आमची मुलगी अश्विनी नांदगावला दिलीय. व्याही रामभाऊ यांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, माणसं सरळ आहेत. पण अश्विनीच्या लग्नात वरात उशिरा आली म्हणून मी भर मांडवात चारचौघांसमोर तोंड सोडलं होतं. ते बोलणं तिला पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागलं. म्हणून रामभाऊंनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं, तेव्हा तिने मला मुद्दाम फोन केला. "पप्पा, तिथे काही काढू नका. छान आहे म्हणा आणि जेवा." मी शब्द दिला.

रामभाऊंनी घराचा कोपरा न् कोपरा दाखवला. फरशीवर हात फिरवून दाखवला. "सांगा पाव्हणं, काय कमी हाय का?" मी म्हणालो, "एक नंबर." जिना चढलो, "एक नंबर." गच्ची बघितली, "एक नंबर." सुनंदा माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मग मी जिन्याखालच्या संडासात गेलो. उठताना जिन्याच्या तिरक्या स्लॅबची कड डोक्याच्या बरोबर मधोमध बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी परत खाली बसलो. थोड्या वेळाने हात लावून बघितलं तर लिंबाएवढं टेंगूळ आलेलं. बाहेरून रामभाऊंची हाक आली, "या पाव्हणं, फेटा बांधायचा हाय!"

व्याह्यांना फेटा बांधायचा, टॉवेल-टोपीचा आहेर करायचा आणि फोटो काढायचा, हा मान. फेटेवाल्याने तो केशरी फेटा माझ्या टेंगळावर असा आवळून बांधला की प्रत्येक वेढ्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाई म्हणाल्या, "बगा, पाव्हण्यांचे डोळे भरून आले." सगळ्यांना गहिवरल्यासारखं झालं. फोटोत मी हसतोय.

गाडीत मी सुनंदालाही काही बोललो नाही. मुलीच्या सासरच्या नव्या घरात माझं डोकं फुटलं, हे तोंडातून काढणं म्हणजे घराला खोट काढणं, असं मी स्वतःला सांगितलं. अश्विनीसाठी गप्प बसतोय असंही सांगितलं. खरं म्हणजे संडासातून उठताना डोकं आपटलं हे सांगायचीच लाज वाटली. दुसरं काही नाही.

काही आठवडे बरे गेले. मग सकाळी उठल्या उठल्या डोकं धरायला लागलं. पेपरात तीच ओळ पुन्हा वाचायचो. एक दिवस फिरायला गेलो असताना मागून एका मुलीने हाक मारली, "काका, तुमची चप्पल मागे राहिली." वळून बघितलं तर डाव्या पायातली चप्पल बरीच मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता. "चप्पल पायातून निसटते का?" हा माझा दुसरा आवडता प्रश्न. शेकडो म्हाताऱ्यांना तो मी विचारला होता. त्या क्षणी, रस्त्याच्या कडेला एका पायात चप्पल घालून उभा असताना, मला काय झालंय ते पक्कं कळलं. मी घरी आलो आणि पट्ट्याचे सँडल काढून घातले. ते निसटत नाहीत.

सुनंदाच्या लक्षात आलं ते मी कपाच्या शेजारी चहा ओतला तेव्हा. त्या दिवशी अश्विनी आणि तिच्या सासूबाई खरेदीसाठी नाशिकला आल्या होत्या. सगळ्यांनी मिळून मला रिक्षात घातलं आणि माझ्याच जुन्या सेंटरवर आणलं. मशीनवर रेश्मा होती. तिला मीच तयार केलेली. तिने माझा चष्मा काढला, डोकं पट्ट्याने बांधलं आणि अगदी माझ्याच सुरात विचारलं, "सर, डोक्याला मार कधी लागला होता?"

सुनंदा माझ्या पायाशी उभी होती. दाराजवळ विहीणबाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. रेश्मा मी कोणाकडे बघतो ते बघत होती, मीच शिकवल्याप्रमाणे. मी कोणाकडेही बघितलं नाही. छताकडे बघून, न अडखळता म्हणालो, "लागलाच नाही." आयुष्यभर लोकांचं अडखळणं पकडलं होतं. खोटं कसं पचवायचं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

स्कॅन झाल्यावर जुन्या हक्काने मी काचेमागे गेलो. भिंत धरत धरत गेलो, पण गेलो. पडद्यावर माझा मेंदू होता. गुळगुळीत, गच्च भरलेला, कुठे भेग नाही. सांगायला शरम वाटते, पण मला पहिल्यांदा आनंद झाला. साठी उलटून गेली तरी काय मेंदू आहे, असं मनात आलं. रेश्मासुद्धा म्हणाली, "सर, मस्त आहे." तेवढ्यात डॉक्टर आपल्या केबिनमधून आले. चित्राकडे बघितलं, मी भिंत धरून उभा होतो त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मार नाही म्हणता?" मी पुन्हा नाही म्हणालो. त्यांनी चित्राचा काळा-पांढरा कमीजास्त केला, खुर्ची पुढे ओढली आणि सगळ्या चकत्या पुन्हा वरपासून एकेक करून बघितल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोन्ही बाजूंना आहे. बसा खाली."

हॉस्पिटलमध्ये मेंदूच्या सर्जननी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. ते म्हणाले, "मार नाही, मग एवढं रक्त आलं कुठून? गोळी जास्त गेली होती का? गोळ्या कोण देतं?"

"मी," सुनंदा म्हणाली.

तिचा चेहरा बदलला. तिला काहीतरी आठवलं होतं. "मागच्या आठवड्यात हे म्हणाले, आज गोळी दिलीच नाहीस. मला वाटत होतं दिलीय. पण हे म्हणाले म्हणून मी परत दिली." ती माझ्याकडे वळली. "अहो, मी दोनदा दिली."

तिने दोनदा दिली होती, हे खरं. पहिल्यांदा घेतल्याचं मीच विसरलो होतो, आणि विसरलो होतो ते डोक्यात आधीच साचलेल्या रक्तामुळे. सर्जन म्हणाले, "एका जादा गोळीने सहसा असं होत नाही," पण ते तिच्या कानापर्यंत पोचलं नाही. विहीणबाईंनी तिला जवळ घेतलं. "जाऊ द्या ताई, वय झालं आपलं. व्हतं आसं." सुनंदा रडत होती. मी कॉटवर पडलो होतो. माझा डावा पाय जड होता, पण जीभ शाबूत होती. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मी बोललो नाही.

ऑपरेशन तसं साधं असतं. डोकं भादरतात, कवटीला दोन्ही बाजूंना भोकं पाडतात आणि जुनं रक्त वाहून जाऊ देतात. गाडीचं ऑइल बदलताना निघतं तसलं निघालं, असं सर्जन म्हणाले. माझा पाय सुधारला, पेपरातली ओळ पुढे सरकायला लागली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वेळेवर आलात म्हणून वाचलात.

घरी आल्यावर सुनंदाने माझ्या औषधांना हात लावणं बंद केलं. सर्जननी रक्ताची गोळी तूर्त थांबवली होती, पण बाकीच्या होत्याच. अश्विनी काही दिवस राहिली होती, ती द्यायची. ती गेल्यावर सुनंदा म्हणाली, "तुमच्या तुम्ही घ्या. माझा भरवसा नाही." भाजीत मीठ टाकलं की नाही हे ती मला विचारायला लागली. घराबाहेर पडलो की गॅस बघायला परत जायची, कुलूप लावलं की ओढून बघायची, पायऱ्या उतरून पुन्हा चढायची. जिच्या आठवणीवर आमचं घर चाललं होतं, ती बाई स्वतःला वेंधळी समजायला लागली. नांदगावमार्फत बातमी नातेवाइकांत गेली होतीच. फोन यायचे. "वहिनींच्या हातून गोळी डबल गेली म्हणे?" आणि सुनंदा म्हणायची, "हो, माझ्याच हातून." मी शेजारी सोफ्यावर पेपर उघडून बसलेला असायचो.

पहिल्या तपासणीला सर्जन म्हणाले, "आता प्रश्न गोळीचा. मार न लागता एवढा रक्तस्राव झाला असेल, तर ही गोळी तुम्हाला देणं धोक्याचं आहे. आणि नाही दिली तर स्टेंटचं काय, ते आहेच." सुनंदा तेव्हा खाली औषधाच्या दुकानात गेली होती. मी दार बंद आहे ना ते बघितलं आणि म्हणालो, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं." स्लॅबचं, टेंगळाचं, फेट्याचं सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग एकदम हसायचे थांबले. "अहो, तुम्हीच असं केलंत?" मी म्हणालो, मिसेसना कळू देऊ नका. त्यांनी मान हलवली. पुन्हा स्कॅन झाला, चित्र स्वच्छ आलं आणि गोळी सुरू झाली.

म्हणजे बघा, माझ्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा मी खरं बोललो. तिचा आला होता तेव्हा बोललो नव्हतो.

गोळी परत सुरू करायची म्हटल्यावर सुनंदा घाबरली. "ज्या गोळीने झालं तीच परत?" पाकीट तिने टेबलाच्या पार टोकाला सरकवलं. ते मला बघवेना. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगून टाकलं. गोळीने नाही झालं, वास्तुशांतीच्या दिवशी जिन्याखाली डोकं आपटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली आणि माझ्या डोक्यावर नुकत्या उगवलेल्या केसांवरून हात फिरवला.

"माझ्यासाठी एवढी गोष्ट रचलीत?"

"रचली नाही. खरंच आपटलं."

"रेश्माने विचारलं तेव्हा मी तिथेच होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही होते. तुम्ही मेलात तरी स्कॅनच्या खोलीत खोटं बोलणार नाही, हे मला माहीत नाही का?"

डॉक्टरांना विचार, असं म्हणालो असतो तर विषय तिथेच मिटला असता. पण मग त्यांना कधी सांगितलं ते निघालं असतं. दुसऱ्या दिवशी ती फोनवर अश्विनीला सांगत होती, "पप्पांनी माझं मन राखायला सगळं स्वतःवर घेतलं गं." माझं खोटं तिने पचवलं होतं आणि खऱ्याचं तिने माझ्या नावावर पुण्य करून टाकलं होतं. इतकी शरम मला टेबलावर झोपतानाही वाटली नव्हती.

मग नातवाचं, अश्विनीच्या पोराचं, जावळ आलं. आम्ही नांदगावला गेलो. रामभाऊंनी दारातच माझ्या डोक्याकडे बघून थट्टा केली, "आजोबांचं जावळ आधी उरकलं व्हय!" सगळे हसले. पोराचं जावळ झालं, जेवणं झाली. मी हात धुवायला जिन्याखाली गेलो तर संडासाच्या आत स्लॅबच्या कडेला जाड स्पंज चिकटवलेला आणि वर लाल चिकटपट्टी. मी बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत विचारलं, "रामभाऊ, हे कशाला लावलं?"

"आवो, लय डोकी आपटली तिथं! वास्तुशांतीच्या दिवशीच आमच्या मेव्हण्याचं आपटलं, वायरमनचं आपटलं. माझं तर रोज. मिस्त्रीला लय शिव्या घातल्या, म्हनलं फोडून काढ. आता स्पंज लावून टाकला." मग ते थांबले. "पाव्हणं, तुमचं नाय ना लागलं त्या दिवशी?"

मेव्हण्याने सांगितलं होतं. वायरमनने सांगितलं होतं. कोणाचं काही बिघडलं नव्हतं, घराला कोणी खोट काढली असंही कोणाला वाटलं नव्हतं. खोलीत अश्विनी होती, विहीणबाई होत्या, सुनंदा नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. मी या वेळी छताकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं.

"लागलं होतं," मी म्हणालो. "फेट्याच्या आधी. टेंगूळ आलं होतं. सुनंदाने काही केलेलं नाही."

विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. अश्विनी नुसतं "पप्पा" म्हणाली. सुनंदाने पोराला तिच्याकडे दिलं, पदर सारखा केला आणि जिन्याखाली जाऊन तो स्पंज बोटाने दाबून बघितला. मग म्हणाली, "निघूया."

एसटीत आम्हाला शेजारची जागा मिळाली. मनमाड गेलं, चांदवड मागे पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. मग बाहेर बघत बघतच तिने विचारलं, "डॉक्टरांना माहीत आहे?"

"हो."

"कोणी सांगितलं?"

"मीच."

"कधी?"

"पहिल्या तपासणीला."

"तेव्हा मी कुठे होते?"

"खाली. माझी औषधं आणायला गेली होतीस."

ती मान हलवत राहिली, हिशेब जुळल्यासारखी. "मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावून माफी मागत होते," ती म्हणाली. "मनात नाही, तोंडाने मागत होते. तुम्ही तिथेच पेपर वाचत असायचात. तुम्हाला ऐकू यायचं नाही का?"

एवढी वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. हा कोणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलायला अजूनही जागा होती. गाडीचा आवाज होता, वारा होता, वय झालं होतं.

"यायचं," मी म्हणालो.